जखमी खारीला डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत कसे सांभाळावे

जखमी खार हाती लागली की बहुतेक घरांत पहिली धाव स्वयंपाकघराकडे जाते. कोणी वाटीत दूध आणतो, कोणी चमच्याने पाणी पाजू लागतो, कोणी जखमेवर हळद भरतो. हेतू चांगलाच असतो, पण यांतली एकही गोष्ट त्या क्षणी करायची नसते, आणि तोंडात जबरदस्तीने ओतलेले दूध किंवा पाणी तर श्वासनलिकेत जाऊन मूळच्या जखमेआधीच तिचा जीव घेऊ शकते. खारीच्या प्रथमोपचारात क्रमाला सर्वांत जास्त महत्त्व आहे. आधी अंधार आणि शांतता, मग शरीराचे योग्य तापमान, त्यानंतर थेंबाथेंबाने पाणी, आणि अन्न सर्वांत शेवटी. हा क्रम पाळला, तर हाताशी एकही औषध नसताना सामान्य माणूस तिला उपचार केंद्रापर्यंत जिवंत नेऊ शकतो.

नागपुरात धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स अशा झाडांच्या वस्त्यांत आणि महाराजबागेत दिसते ती प्रामुख्याने पाठीवर पाच पांढुरके पट्टे असलेली खार. पूर्ण वाढलेल्या खारीचे वजन साधारण १०० ग्रॅमच्या आसपास असते. एवढ्या देहात रक्त असते जेमतेम सहा ते सात मिलिलीटर, म्हणजे सव्वा चमचा. त्यामुळे फरशीवर दिसणारे रक्ताचे वीस-पंचवीस थेंब आपल्याला किरकोळ वाटले, तरी तिच्या दृष्टीने ती मोठी हानी असते. लहान शरीर उष्णता भराभर गमावते आणि उन्हाळ्यात तितक्याच वेगाने तापते. म्हणूनच ‘संध्याकाळपर्यंत बघू, नाही सुधारली तर नेऊ’ हा विचार तिच्या बाबतीत धोक्याचा ठरतो.

खार खरोखर संकटात आहे का, हे आधी दोन मिनिटे दुरून पाहून ठरवावे. धडधाकट खार माणसाला जवळ येऊच देत नाही. आपण हातभर अंतरावर जाऊनही ती पळत नसेल, एका कुशीवर पडली असेल, मागचे पाय ओढत असेल, मान एका बाजूला वाकडी धरत असेल, नाका-तोंडातून रक्त येत असेल, अंगावर माश्या घोंघावत असतील किंवा ती मांजराच्या तोंडातून सुटलेली असेल, तर तिला उचलायलाच हवे. आसपासची कुत्री-मांजरे आधी दूर करावीत, मुलांना आत पाठवावे आणि बघ्यांची गर्दी होऊ देऊ नये. भीतीने आणि धसक्यानेही लहान प्राणी दगावतात. आपल्याला दिलासा वाटणारे कुरवाळणे आणि गोंजारणे तिच्या लेखी भक्षकाच्या पकडीत सापडण्यासारखेच असते.

उचलताना उघड्या हाताने धरू नये. खारीचे पुढचे दात धारदार असतात आणि वेदनेत ती कडकडून चावते. जाड सुती कापड, घडी घातलेला पंचा, किंवा नागपूरकरांच्या गळ्यात उन्हाळ्यात असतोच तो दुपट्टा अलगद तिच्यावर टाकावा. डोके झाकले गेले की ती शांत होते. मग दोन्ही हातांची ओंजळ करून कापडासकट तिला खालून आधार देत उचलावे. छातीवर दाब येऊ देऊ नये, कारण बरगड्या दाबल्या गेल्या तर तिला श्वासच घेता येत नाही. शेपटीला धरून तर कधीही उचलू नये. खारीच्या शेपटीची कातडी ओढ बसताच सोलून निघते आणि उरलेला भाग पुढे कापावा लागतो. मागचे पाय लुळे असतील तर पाठीचा कणा दुखावल्याची शक्यता धरावी आणि तिला एखाद्या पुठ्ठ्यावर सरकवून, अंग न वळवता उचलावे.

घर म्हणून बुटांचा पुठ्ठ्याचा खोका उत्तम. त्याच्या झाकणाला आणि बाजूंना पेन्सिलने भोके पाडावीत, पण ही भोके खार आत ठेवण्यापूर्वीच पाडावीत. तळाशी जुना सुती टी-शर्ट किंवा फलाटीन अंथरावे. टर्किश टॉवेल वापरू नये, कारण त्याच्या धाग्यांच्या फासांत नखे अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत बोट मोडते. पिंजऱ्यात ठेवण्याचा मोहही टाळावा. तारेच्या पिंजऱ्यात तिला सगळीकडून माणसे दिसतात, ती जाळीवर आदळत राहते आणि तोंड सोलून घेते. खोका बंद करून घरातील सर्वांत शांत खोलीत ठेवावा. त्या खोलीत दूरदर्शन संच, मिक्सर किंवा पाळीव प्राणी नसावेत. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहू नये.

यानंतर तापमानाकडे वळावे. खार हाताला गार लागत असेल, हिरड्या फिकट पांढुरक्या दिसत असतील आणि ती निपचित असेल, तर ती धक्क्याच्या अवस्थेत आहे असे समजावे. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र दहा अंशांपर्यंत उतरते. तेव्हा आणि पावसात भिजलेल्या खारीलाही ऊब द्यावीच लागते. प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, ती बाटली कापडात गुंडाळावी आणि आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. तिथे चटका न बसता सुखद ऊब जाणवली पाहिजे. ही बाटली खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे नको झाल्यास खारीला दुसऱ्या बाजूला सरकता येते. पाणी थंड झाले की बदलावे, कारण गार पडलेली बाटली उलट तिच्याच अंगातील उष्णता ओढून घेते. ओल्या खारीला आधी कोरड्या कापडाने टिपून घ्यावे. हेअर ड्रायरचा आवाज आणि झोत दोन्ही तिला सोसत नाहीत. डोक्याला मार लागल्याची लक्षणे असतील, म्हणजे नाकातून रक्त येत असेल, मान वाकडी असेल किंवा दोन्ही बाहुल्या सारख्या दिसत नसतील, तर ऊब अगदी सौम्य ठेवावी आणि कापडाची पातळ घडी घालून डोके किंचित उंच राहील असे पाहावे.

मे महिन्यात मात्र सगळे उलटे असते. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना दुपारी डांबरी रस्त्यावर किंवा गच्चीवर पडलेली खार बहुधा उष्माघाताने कोसळलेली असते. तोंड उघडे ठेवून ती धापा टाकते, अंग चटका बसावा इतके तापलेले असते. तिला बाटलीची ऊब देणे म्हणजे तिला मारणे होय. लगेच सावलीत, गार फरशीच्या खोलीत न्यावे, माठाच्या नव्हे तर नळाच्या साध्या पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने तिचे पंजे, कान आणि पोट पुसत राहावे. बर्फ किंवा फ्रिजचे पाणी वापरू नये, कारण त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. कूलर चालू असलेली खोली चालेल, पण खोका थेट झोतासमोर ठेवू नये. श्वास संथ झाला की ओले कापड थांबवावे, नाहीतर थोड्याच वेळात ती गारठते.

ही कामे होत असतानाच घरातील दुसऱ्या माणसाने फोन करावा. महाराष्ट्र वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ हा मदत क्रमांक १९२६ आहे. नागपूरकरांचे भाग्य असे की जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारे वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर शहरातच, सेमिनरी हिल्स परिसरात आहे. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच भागात आहे. जवळच्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात न्यायचे असल्यास आधी फोन करून ‘खार तपासाल का’ हे विचारावे, म्हणजे भर उन्हात वणवण होत नाही.

आता पाण्याविषयी, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. खार गार असेल, बेशुद्ध असेल, आचके देत असेल किंवा मान सावरू शकत नसेल, तर तिच्या तोंडात काहीही घालू नये. अशा खारीचे शरीर पाणी पचवू शकत नाही, आणि तिला नीट गिळताही येत नाही. अंग उबदार झाले, ती डोळे उघडून सावध झाली, तरच पाण्याचा विचार करावा. खांद्यांमधील कातडी दोन बोटांच्या चिमटीत हलकेच उचलून सोडावी. ती ताबडतोब जागेवर न बसता क्षणभर उभी राहिली, तर शरीरात पाणी कमी आहे. मेडिकलच्या दुकानात मिळणारी बिनस्वादाची ओआरएसची भुकटी पाकिटावर छापलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण विरघळवावी. चिमूटभर भुकटी अंदाजाने वाटीभर पाण्यात टाकू नये, कारण मिठाचे प्रमाण चुकले तर ते घातक ठरते. फळांच्या चवीची तयार गोड पेये तर नकोतच. द्रावण कोमट करावे, खारीला पोटावर, डोके किंचित वर राहील असे कापडात धरावे आणि बिनसुईच्या १ मिलीच्या सिरिंजने एक थेंब ओठाच्या कडेला लावून थांबावे. तो थेंब ओठावर पसरतो, जीभ बाहेर येते, गळ्याची बारीक हालचाल दिसते. ती दिसल्यावरच दुसरा थेंब द्यावा. उताणे धरून कधीही पाजू नये. नाकातून बुडबुडा आला किंवा श्वासाबरोबर करकर असा ओला आवाज आला, तर लगेच थांबावे, डोके खाली झुकवून नाक टिपावे आणि पुन्हा पाजण्याचा प्रयत्न करू नये. एका वेळी अर्धा ते एक मिली पुरे. अर्ध्या तासाने पुन्हा द्यावे. गायीचे किंवा म्हशीचे दूध देऊ नये. त्याने जुलाब होतात आणि आधीच सुकलेल्या शरीरातील उरलेसुरले पाणीही निघून जाते.

जखमेतून रक्त वाहत असेल तर मात्र ते थांबवणे ऊब आणि पाणी या दोन्हींच्या आधी येते. स्वच्छ गॉज किंवा धुतलेल्या सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून बोटाने हलका पण सलग दाब द्यावा आणि पाच मिनिटे ती घडी उचलून पाहू नये. पाहिले की धरत आलेली गुठळी सुटते. कापूस थेट जखमेवर लावू नये, तंतू चिकटतात. तुटलेल्या नखातून रक्त येत असेल तर त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे. दोरा किंवा रबर बांधून पाय आवळू नये. रक्त थांबल्यावर, खार सावध असेल तरच, जखम धुवावी. त्यासाठी अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट एक छोटा चमचा, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळवून घ्यावे आणि सिरिंजने धार सोडून माती, केस धुऊन काढावेत. पोविडोन आयोडिन असल्यास पाणी घालून फिक्या चहाच्या रंगाचे करावे आणि मगच लावावे. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, चुना, तंबाखू, माणसांची वेदनाशामक मलमे यांपैकी काहीही नको. खार जखम चाटते आणि जे लावले ते पोटात जाते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा घरात उरलेले अँटिबायोटिक देऊ नये. १०० ग्रॅमच्या प्राण्याची मात्रा गोळीचे तुकडे करून काढता येत नाही. मोडलेल्या पायाला काड्या बांधण्याचा प्रयत्नही करू नये. खोका लहान ठेवला की हालचाल आपोआप कमी होते आणि तेवढा आधार पुरेसा असतो.

मांजराने पकडलेल्या खारीबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. मांजराचे सुळे सुईसारखे खोल जातात, वरची कातडी लगेच मिटते आणि केसांत काहीच दिसत नाही. मात्र मांजराच्या तोंडातील जिवाणू आत सोडलेले असतात आणि एक-दोन दिवसांत ते रक्तात पसरून टुणटुणीत वाटणारी खार अचानक दगावते. म्हणून मांजराच्या तोंडात गेलेली प्रत्येक खार, तिच्यावर ओरखडा दिसो वा न दिसो, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे गेलीच पाहिजे. ‘बरी दिसते, सोडून देऊ’ असा निर्णय अशा वेळी घेऊ नये.

पावसाळ्यात जखमेत किडे होतात. माशीची अंडी आधी पांढऱ्या रवाळ कणांसारखी केसांत, कानांत, डोळ्यांच्या कडेला आणि शेपटीखाली दिसतात, आणि काही तासांतच त्यांतून अळ्या निघतात. अंडी बारीक दातांच्या फणीने किंवा मऊ ब्रशने, आणि दिसणाऱ्या अळ्या चिमट्याने एकेक करून काढाव्यात. टर्पेंटाइन, रॉकेल, फिनाईल ओतण्याची जुनी पद्धत आणि गुराढोरांच्या जखमेवर मारायचा फवारा, हे दोन्ही एवढ्याशा शरीरासाठी विष आहेत. खोलवरच्या अळ्या डॉक्टरांनीच काढाव्यात.

डीपीजवळ किंवा तारांखाली पडलेल्या खारीला विजेचा धक्का बसलेला असू शकतो. ती अजून तारेला चिकटलेली असेल तर काठीनेसुद्धा स्पर्श करू नये. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. खाली पडलेल्या खारीच्या तोंडाजवळ आणि पंजांवर भाजल्याच्या खुणा शोधाव्यात. विजेच्या धक्क्यानंतर फुफ्फुसांत पाणी साचण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो, त्यामुळे ती उठून चालू लागली तरी तपासणी टाळू नये.

किराणा दुकानांत आणि गोदामांत उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यावर खार अडकते, तेव्हा तिला ओढून काढू नये, कातडी आणि केस पुठ्ठ्यावरच राहतात. आधी मोकळ्या डिंकावर कागदाचे तुकडे किंवा पीठ टाकून तो निकामी करावा, म्हणजे सुटलेला पाय पुन्हा चिकटणार नाही. मग खाण्याचे तेल बोटाने थोडे थोडे चिकटलेल्या जागी चोळत, एकेक पाय सोडवत जावे. या कामाला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. तेल नाका-तोंडात जाऊ देऊ नये. सुटका झाल्यावर अंगावरचे तेल कोरड्या कापडाने टिपून तिला उबदार खोक्यात ठेवावे. साबणाने धुण्याचे काम केंद्रावर सोपवावे.

पिल्लांची गोष्ट निराळी आहे. उन्हाची चाहूल लागताच नागपुरातील घरोघरी कूलर उघडले जातात, खसाच्या ताट्या बदलायला घेतल्या की आत चिंध्या, काथ्या आणि कापसाचा गोळा निघतो आणि त्यात डोळेही न उघडलेली पिल्ले असतात. हाच काळ खारींच्या विणीचा असतो. अशा वेळी शक्य असल्यास कूलर पुन्हा तसाच झाकून काही आठवडे थांबावे. थांबणे शक्यच नसेल, तर घरटे न विस्कटता जसेच्या तसे उघड्या खोक्यात ठेवून, तो खोका मूळ जागेच्या अगदी जवळ, सावलीत आणि मुंग्या-मांजरांपासून दूर, उंचावर बांधावा. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकते हा समज खरा नाही. ती बहुधा येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते, पण त्यासाठी आपण तिथून दूर व्हायला हवे. झाडाखाली पडलेल्या आणि जखम नसलेल्या पिल्लालाही आधी ऊब देऊन असेच ठेवावे. खार दिवसा वावरते, त्यामुळे अंधार पडेपर्यंत आई आली नाही तर पिल्लू आत घ्यावे आणि केंद्राला कळवावे. रक्त, अळ्या, मांजराचा स्पर्श किंवा अंगभर मुंग्या असतील तर वाट पाहू नये. उपाशी पिल्लाला रात्रभर ओआरएसच्या थेंबांवर ठेवणे हे चुकीचे दूध पाजण्यापेक्षा सुरक्षित आहे. पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखालचा भाग हळुवार पुसावा लागतो, कारण डोळे न उघडलेल्या पिल्लांना आईच्या चाटण्याशिवाय लघवी होत नाही.

खार चावली तर स्वतःची जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. खारींमध्ये रेबीज क्वचितच आढळतो, तरीही लस घ्यायची की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. धनुर्वाताच्या लसीचेही विचारावे. कायद्याची बाजू थोडक्यात अशी की वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे वन्यप्राणी हाती आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. लळा लागला म्हणून तिला घरी ठेवून घेऊ नये.

नेताना खोका दुचाकीच्या डिकीत किंवा मागच्या कॅरियरला बांधून नेऊ नये. डिकी तापते आणि कॅरियरवर प्रत्येक खड्डा तिच्या अंगावर येतो. डबलसीट बसणाऱ्याने तो मांडीवर दोन्ही हातांनी धरावा, किंवा ऑटो करावा. उन्हाळ्यात शक्यतो सकाळी लवकर निघावे, मात्र रक्तस्राव, धाप किंवा मांजराचा चावा असेल तर ऊन पाहत बसू नये, खोक्यावर ओले कापड टाकून निघावे. एका चिठ्ठीवर खार कुठे आणि किती वाजता सापडली, काय झाले असावे, काय पाजले आणि किती, हे लिहून ती चिठ्ठी खोक्याला चिकटवावी. डॉक्टरांना उपचार ठरवताना या माहितीचा उपयोग होतो, आणि नेमकी जागा तर अवश्य लिहावी, कारण बरी झालेली खार शक्यतो तिच्या ओळखीच्या झाडांवरच सोडायची असते.

रात्र घरीच काढावी लागली, तर सावध आणि पाणी पिणाऱ्या प्रौढ खारीला खोक्यात काकडीची चकती, सफरचंदाची फोड आणि बाटलीच्या झाकणात पाणी ठेवावे. पाव, बिस्किट, खारे शेंगदाणे, शिजवलेला भात देऊ नये. मांडीवर घेऊन भरवण्याची गरज नाही. भूक असेल तर माणसांचा वावर थांबल्यावर ती आपणहून खाईल. सकाळी ती उड्या मारू लागली तरी लगेच खिडकी उघडू नये. चारही पायांवर सरळ चालते, पुढच्या पंजांत धरून खाते, कापडावर चढून लटकते आणि दोन्ही डोळे स्वच्छ आहेत, हे सगळे दिसल्यावरही मांजर, वीज किंवा डोक्याचा मार यांपैकी काही घडलेले असेल तर तपासणीनंतरच सोडावे. सोडण्यासाठी सकाळची वेळ आणि कोरडी हवा निवडावी, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी आसरा शोधायला तिला पूर्ण दिवस मिळतो.